साहेबांचा सरदार

दर रविवारी दुपारी भालेराव साहेबांच्या घरी फाशांचा खेळ मांडला जाई. गोष्ट त्यांच्या ऑफिसातली मुक्ता रचून सांगायची, त्यातलं एकेक पात्र बाकीचे सहकारी फासे टाकून चालवायचे. साहेब गोष्टीतले सरदार होते, पण त्यांचे डोळे कायम मोबाईलमध्ये. पाळी आली की विचारायचे, "काय झालं मघाशी?" मग सगळं पहिल्यापासून. हळूहळू बाकीच्यांचेही हात मोबाईलकडे वळू लागले.

मुक्ताने मोबाईल बाजूला ठेवायची भीतभीत विनंती केली, तर साहेब म्हणाले, "गोष्टीत दम असेल तर लक्ष जाईलच."

 गोष्टीत सरदाराला मारावं, तर मुक्ताला उद्या ऑफिसात यांच्याच पुढ्यात उभं राहायचं. सोडावं, तर खेळ मोडणार. शेवटी तिने गुहेतून राक्षस बाहेर काढला. त्याने बाकीच्यांची पात्रं एकेक करून लोळवली, तशी आरडाओरड झाली आणि साहेबांनी मान वर केली.

"काय झालं? माझा सरदार मेला?"

"नाही साहेब." मुक्ता म्हणाली, "राक्षसाने त्याला हुंगलं आणि तो पुढे गेला. सरदार इतका वेळ हलला नाही, म्हणून राक्षसाला तो दगडच वाटला. गावकऱ्यांनाही तसंच वाटलं. त्यांनी शेंदूर फासलाय, आता नारळ फोडायला आलेत."

"फोडणार कशावर?"

"आसपास दुसरा दगड नाही, साहेब."

साहेबांनी मोबाईल पालथा ठेवला आणि फासे मागितले.