खर्चात भर

फायबरग्लासच्या चटया बनवणाऱ्या बापूसाहेब शितोळ्यांकडे लाल चटयांची मोठी मागणी आली. रंग तर महाग. त्यांनी रसायनतज्ज्ञ नलूताईंना सगळ्यांदेखत दरडावलं, “चटया लाल हव्यात, पण खर्चात भर घातलीत, तर नोकरी गेली समजा!”

चटईवरच्या लेपात एरवी पांढऱ्या दगडाची भुकटी पडे. कारखान्यात तिला ‘भर’च म्हणत. नलूताईंनी तिच्याऐवजी तितक्याच स्वस्त गेरूची भुकटी घातली. चटया विटेसारख्या लालबुंद निघाल्या.

बापूसाहेब गरजले, “रंग आणलातच ना? खर्चात भर नको म्हटलं होतं!”

“खर्चात कुठे, साहेब? भर लेपातच घातली. तुमचा आवाज ऐकून तीच लाल झाली!”

बापूसाहेब पोट धरून हसले. “नोकरी पक्की तुमची, नलूताई. पण पांढऱ्या चटया करायच्या दिवशी मला तिच्यासमोर ओरडू देऊ नका!”