सांतानने शाळेत नाव काढले

एका गावात एक भोळा सुतार होता. गाव वसईच्या किनाऱ्यावरचे, सुताराचे नाव सांतान. देवभीरू होता, हाताने कुशल होता, आणि सांगितलेला शब्द जमिनीवर पडू देत नसे. त्याचे सारे दुःख या शेवटच्या गुणातून निघाले.

घाटावरच्या एका शहरात त्याला काम मिळाले. बायको पेरपेत, मुलगी रोझा, मुलगा इनास आणि एक तान्हे बाळ घेऊन तो तिकडे राहायला गेला. शहरात कॅथलिक शाळा तीन होत्या. पेरपेत बाळंतीण, तिला घराबाहेर पडता येईना. ती म्हणाली, "अहो, जून तोंडावर आलाय. आपल्या धर्माची शाळा मिळाली नाही, तर दोघांना आजोळी ठेवावं लागेल. माझ्याच्यानं ते सोसवायचं नाही. नुसती इमारत बघून भुलू नका. कान उघडे ठेवा, तोंड बंद ठेवा, आणि आत काय चालतं ते नीट पाहा."

सांतान पहिल्या शाळेत गेला. कान उघडे ठेवले, तोंड बंद ठेवले.

"कोण आपण?" सिस्टरांनी विचारले.

सांतान गप्प.

"काही काम होतं का?"

सांतान गप्प. पण चेहरा भक्तिभावाने भरलेला.

त्या दिवशी शाळेच्या सभागृहात मौनसाधना होती. "अस्सं! साधनेला आलात होय," असे म्हणून सिस्टरांनी त्याला आत नेऊन बसवले. संध्याकाळपर्यंत तो बसला. पेज प्याला. आत काय चालते ते नीट पाहिले. काहीच चालत नव्हते. प्रवेशाची खिडकी दुपारीच बंद झाली होती.

पेरपेतने कपाळावर हात मारला. "अहो, शाळेत गेल्यावर तोंड उघडायचं असतं! लाजायचं नाही. खणखणीत आवाजात विचारायचं."

"असं होय! मग आधी नाही का सांगायचं?" सांतान म्हणाला.

दुसरी शाळा चर्चला लागून होती. सांतान पोहोचला तेव्हा सारी शाळा चर्चमध्ये होती. एक जुने गुरुजी वारले होते. त्यांच्यासाठी फादर आणि मुले माना खाली घालून स्तब्ध उभी होती. सांतान मधल्या वाटेने थेट वेदीपर्यंत गेला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "फादर, इथं जागा रिकामी झालीय का?"

मुले हसली. गुरुजींच्या विधवेने डोळे पुसता पुसता वर पाहिले. फादर त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन आले.

"अरे भल्या माणसा, आत पाऊल टाकल्यावर आधी गुडघे टेकायचे, मग तोंड उघडायचं. एवढंही कुणी शिकवलं नाही तुला? जा. इथल्या जागा केव्हाच भरल्या."

"आधी गुडघे, मग तोंड," असे घोकत सांतान घरी आला. पेरपेत त्या दिवशी जेवली नाही. "आता एकच शाळा उरली," ती म्हणाली. "तिथल्या मोठ्या सिस्टर सांगतील तेवढंच करा. आपलं डोकं चालवू नका. मुलांना सोबत न्या."

तिसऱ्या शाळेच्या फाटकाशी पालकांची झुंबड होती. मोटारीतून आलेले होते, ओळखीच्या चिठ्ठ्या खिशात घालून आलेले होते. फाटकातून आत पाऊल टाकताच सांतानने गुडघे टेकले. समोर स्टुलावर शिपाई तंबाखू मळत होता.

"अहो, उठा! मी शिपाई आहे!"

"असू द्या. मुलांना शाळेत घ्या, मालक."

मागच्या पालकांनी एकमेकांकडे पाहिले. इथे अशीच रीत असणार, असे त्यांना वाटले. एक वकीलसाहेब खाली बसले. मग एक डॉक्टरीणबाई. हा हा म्हणता सारी रांग शिपायापुढे गुडघ्यांवर आली. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांचेही त्या दिवशी दुखले नाहीत.

मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी शिपायाला विचारले, "सगळ्यांत आधी कोण टेकलं?" शिपायाने सांतानकडे बोट दाखवले.

"बाकीचे पाहून टेकले, हा मनानं टेकला," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी रोझाला आणि इनासला जवळ घेतले, प्रार्थना म्हणवून घेतल्या, आणि शेवटच्या दोन जागा त्यांना देऊन टाकल्या. कारकुनाने नावे घातली. सांतानचे डोळे भरून आले.

निरोप देताना सिस्टर म्हणाल्या, "सांतान, आता दोघांनी या शाळेत नाव काढलं पाहिजे. मी त्या दिवसाची वाट पाहीन."

सांतानने मान डोलावली.

तो घरी आला तेव्हा पेरपेत बाळाला घेऊन उंबऱ्यातच उभी होती. मुलांचे चेहरे पाहून तिचा जीव उडाला.

"काय झालं? नावं घातली ना?"

"घातली."

"देवा, तुझे उपकार!" तिने क्रूसाची खूण केली.

"आणि काढलीसुद्धा," सांतान समाधानाने म्हणाला. "सिस्टरांनीच सांगितलं, नाव काढलं पाहिजे. कारकून दोनदोनदा विचारत होता, पण मी आपलं डोकं चालवलं नाही. लगेच मागच्या वकीलसाहेबांची मुलं घेतली त्यानं. अगं, सिस्टर बिचाऱ्या वाट बघत बसणार होत्या. आणि बाप जिवंत असताना पोरांनी कशाला एवढे कष्ट करायचे?"