शिव्या शिमग्याला द्या

फार वर्षं झाली बघा. घाटात तेव्हा रस्ता नव्हता, नुसती पायवाट. टाकेपठार गावात मीठ यायचं, तांदूळ यायचा, तो घोड्यांच्या पाठीवरून. बुटकी तट्टं, पण घाट चढायला भारी चिवट. होळी झाली की ती कोकणात मिठागरांवर उतरत आणि तिथले लोक त्यांना चारापाणी घालत. त्याआधीचा सगळा हिवाळा मात्र गावानेच त्यांना पोसायचं. थंडीत पठारावर हिरवी काडी दिसत नाही. म्हणून दसऱ्यानंतर कुरण कापायचं, गवताची मोठी गंजी रचायची, आणि ती रचायची चिमाईने.

चिमाई काडी कानाजवळ धरून मोडायची. कट्‌ वाजली तर गवत वाळलं, नाहीतर थांबा. पाटील आला तरी थांबा! ओलं गवत रचलं की गंजी आतून तापते आणि आपली आपण पेटते, हे तिला पक्कं ठाऊक. असं म्हणतात, की घोडं आजारी पडलं की वैद्याकडे न जाता चिमाईच्या दारात जाऊन उभं राहायचं.

पण माणूसच ती. एका वर्षी तिची लेक बऱ्याच वर्षांनी दिवाळीला माहेरी यायची होती. चिमाईला कधी एकदा घरी जाते असं झालं. काडी नीट वाजली नाही, तरी म्हणाली, "वाळेल गं बाई आतल्या आत," आणि गंजी रचून मोकळी झाली.

भाऊबीज झाली, लेक सासरी गेली, आणि भर दुपारी गावादेखत गंजी पेटली. विहिरी उपसल्या, तरी मूठभर गवत हाती लागलं नाही.

रखमाजी पाटील राख तुडवत तिच्यासमोर आला. "चिमाई, लेकीच्या लाडापायी गाव बुडवलंस! घोडी मेली तर आम्ही खायचं काय, माती?"

"चूक माझीच, पाटील," चिमाई म्हणाली. "शिव्या शिमग्याला द्या. तोवर मला घोडी जगवू द्या."

आणि ती तडक आपल्या घरावर चढली. तेव्हा घरं गवतानेच शाकारलेली असत. तिने छप्पर ओढून काढलं, काजळी झटकली, मडक्यातलं होतं नव्हतं ते मीठ पाण्यात कालवून त्यावर शिंपडलं. घोड्यांनी हुंगलं, फुरफुरली, मिठासाठी चाटलं आणि मग मुकाट्याने खाल्लं.

पण एका छपराने काय होणार? ते संपलं, तेव्हा पाटलाने स्वतःच्या घराला शिडी लावली. "बघत काय बसलात? चढा वर!" मग घरामागून घर उघडं पडत गेलं.

असं म्हणतात, की थंडी वाढली तशी घोडी आपण होऊन घराघराभोवती कोंडाळं करून उभी राहू लागली. त्यांच्या श्वासाची अशी ऊब धरली, की गावावर दव म्हणून पडलं नाही. एक पोर खोकलं नाही. खरंखोटं देव जाणे, पण टाकेपठारात याला खोटं म्हणून बघा, जेवायला मिळणार नाही!

होळी आली. सगळी घोडी जिवंत होती. माणसं चव्हाट्यावर बोंबा मारत होती, तिथे चिमाई येऊन उभी राहिली.

"द्या आता शिव्या," ती म्हणाली.

बोंब थांबली. पाटलाने तिच्या उघड्या घराकडे बघितलं. मग म्हणाला, "अगं, पावसाआधी तुझं घर शाकारायला हवं. पळसाची पानं आणतो आम्ही." तेव्हा मात्र चिमाईने पदर तोंडाला लावला आणि पोरीसारखी हमसून हमसून रडली.

आता घाटातून गाड्या येतात, मीठ पिशवीत मिळतं. तरी गावाने एक घोडी पाळली आहे. वर्षात कुणाच्या हातून काही चुकलं, की त्याला तोंडावर कुणी बोलत नाही. "शिमग्याला बघू," एवढंच म्हणतात. शिमग्याला तो माणूस मिठाच्या पाण्याने भिजवलेली पेंढी घोडीला घालतो आणि चव्हाट्यावर म्हणतो, "द्या आता शिव्या." शिवी कुणी द्यायची नाही, आणि ती चूक पुन्हा कधी काढायची नाही, हा चिमाईचा नेम. गेल्या शिमग्याला पेंढ्या इतक्या झाल्या, की घोडीने तोंड फिरवलं. मग उरलेल्या शेजारच्या गावच्या गाईंना घातल्या.