धोंड्यावरची वाकडी ओळ

टेकू नका हो त्या धोंड्याला, पाहुणे! फोटो हवे तेवढे काढा, पण जरा लांबून. पाटाच्या तोंडाशी हा जो उभा आहे ना, तो आमच्या निंबखोऱ्याचा कायदा. वरच्या ओळी बघा, कशा सुतात आहेत. आणि अगदी खाली, मातीला टेकलेली ती एक? वाकडी, दाटीवाटीनं बसवलेली. तिचीच तर गोष्ट आहे.

फार पूर्वी, असं सांगतात, खोऱ्यातले सगळे नियम एका माणसाच्या तोंडात होते. भिवजी त्याचं नाव. बांध कुणाचा, पाण्याची पाळी कुणाची, पिकात गुरं घुसली तर दंड कुणाला, सगळं त्याला पाठ. लोक त्याच्या ओट्यावर यायचे, तो मिशीवरून हात फिरवायचा आणि नियम सांगायचा. पण नियम म्हणे माणूस बघून बदलायचा. आवडत्याला एक, नावडत्याला दुसरा. कुरकुर खोऱ्याच्या देसाईणबाईंच्या कानावर गेली. त्यांनी भिवजीला बोलावून घेतलं.

"भिवजी, नियम एकाच्या तोंडात राहिला की त्याच्या मर्जीनं चालतो. तू सांग, सटवाजी पाथरवट धोंड्यावर कोरील. उन्हात उभा राहू दे, सगळ्यांना दिसू दे."

नाही कसं म्हणणार? भिवजी सांगत गेला, सटवाजी कोरत गेला. एकेक नियम आपल्या घरातून उचलून नेल्यासारखा भिवजीला वाटे. शेवटचा मात्र त्यानं गिळला. विधवेच्या शेताला पहिलं पाणी, हा तो नियम. कधीतरी अडेल यांचं, मग येतील झक मारत माझ्याच ओट्यावर, असं त्यानं मनात धरलं.

कुणी आलं नाही. तंटा झाला की लोक धोंड्यापाशी जात, देवळातला गुरव वाचून दाखवी, प्रश्न मिटे. बायका तर धोंड्याला हळदकुंकू लावू लागल्या. भिवजीचा नुसता जळफळाट. "उभा जन्म मी नियम सांगितले, मला कधी कुणी साधं फूल दिलं नाही, आणि या मेल्याला नारळ!" एकदा एका कुत्र्यानं धोंड्यावर तंगडी वर केली, त्या दिवशी म्हणे तो दोन घास जास्त जेवला. असा मत्सर, बघा. दगडाचा!

मग त्याची लेक ठकू विधवा झाली. गावातच दिलेली पोर. शेतात गहू ओंबीवर आलेला, आणि दिरानं पाणी आपल्याकडे वळवलं. भिवजी धावत धोंड्यापाशी आला. देसाईणबाई, पंच, सगळं गाव जमलं.

"विधवेच्या शेताला पहिलं पाणी," तो ओरडला. "नियम आहे!"

"कुठाय?" दीर म्हणाला. "दाखवा की धोंड्यावर."

गुरवानं वरपासून खालपर्यंत वाचलं. नव्हता. "मी लपवला," भिवजी म्हणाला. "या धोंड्यावर जळत होतो मी. माझी गरज संपेल म्हणून लपवला."

एकदोन म्हाताऱ्यांना नियम आठवला, त्यांनी माना हलवल्या. "कोरू या," देसाईणबाई म्हणाल्या. "पण कोरल्यावर, पुढच्या हंगामापासून चालेल. तुझ्या लेकीसाठी आज वाकवला, तर पुन्हा माणूस बघूनच न्याय व्हायचा."

"बाई, गहू जळेल हो तिचा!"

"जळेल," बाई म्हणाल्या.

सटवाजीला खाली कडेलाच तेवढी जागा उरली होती. त्याची छिन्नी चालू असताना ठकू बापासमोर येऊन उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही.

"आबा," तिनं विचारलं, "अजून काही राहिलंय का पोटात?"

भिवजीला 'नाही' म्हणायला फार वेळ लागला. गहू त्या साली उभा करपला.

आजही पाटाला पाणी सोडायच्या दिवशी धोंडा मोठ्यानं वाचतात, वाकडी ओळ सगळ्यात शेवटी. मग गावची एखादी लेक पुढं होते आणि वाचणाऱ्याला ठकूच्याच शब्दांत विचारते. तो 'नाही बाई' म्हणेपर्यंत पाटाची फळी कुणी उचलत नाही. वाचायचं काम तेव्हापासून गुरवाकडून भिवजीच्या घराकडे आलंय. यंदा मी उभा होतो. पोटात काही नसतं हो, पण ती पोर डोळ्यांत बघून विचारते ना, तेव्हा 'नाही बाई' म्हणायच्या आधी मीही एकदा आत चाचपून बघतो.