जोतिराम रोबो पळवतो

कवठेवाडी गावात एक भोळा राहायचा. तसे गावात भोळे पुष्कळ होते, पण ते अधूनमधून असायचे. जोतिराम बारा महिने भोळा होता. त्याला जे सांगावं ते तो करायचा. अगदी तसंच करायचा. आणि कुणी दुसरं काही सांगेपर्यंत तेच करत राहायचा.

जोतिराम लग्नाचा झाला. ओढ्यापलीकडच्या माळेवाडीत शालन नावाची मुलगी होती. जोतिरामने तिला एकदा बाजारात पाहिली होती. ती फवारणीचा पंप मांडीवर घेऊन त्याची अडकलेली नळी दातांनी ओढत होती. नळी निघाली आणि जोतिरामचा जीव तिच्यात अडकला. "करीन तर हिलाच," असं त्याने आईला सांगून टाकलं. आईलाही घाई होती. आसपासच्या पाच गावांत जोतिरामला ओळखत नाही असं घर उरलं नव्हतं, आणि ओळखणारं कुणी मुलगी देत नव्हतं. माळेवाडीचं हे एवढंच स्थळ शिल्लक होतं.

पण शालनचे वडील, तात्या, म्हणजे अजब माणूस. तीस वर्षं त्यांनी दुधाचा टँकर चालवला. दूध हिंदकळू नये म्हणून गाडीचा काटा कधी पंधराच्या पुढे गेला नाही. सायकलवालेसुद्धा त्यांना मागे टाकायचे आणि वर वळून हसायचे. तात्या निवृत्त झाले तेव्हा शालनने घरच्या टीव्हीला एक गेम जोडून दिला. त्यात रोबोंची शर्यत होती. आपला रोबो आपणच जुळवायचा. चाकं लावा, पाय लावा, हात लावा, पाहिजे तो रंग द्या आणि सोडा रस्त्यावर. शालन रोबो जुळवायची, तात्या पळवायचे. तात्या एकदा बसले की त्यांना आंघोळीसाठी तीनदा हाक मारावी लागायची.

जावईसुद्धा तिथेच पारखायचा, असं तात्यांनी ठरवलं. लोक मुलाला पगार विचारतात, शेती विचारतात. तात्या त्याच्या हातात रिमोट द्यायचे.

"माणूस कशापायी खेळतो ते कळलं की माणूस कळला," असं ते म्हणायचे.

आधी एक इंजिनियर येऊन गेला होता. तो नुसता जिंकायसाठी खेळला आणि हरल्यावर त्याने रिमोट आपटला. मग एक मास्तर आला. तो रोबोला रंग देत बसला. शर्यत संपली तरी त्याचा दुसरा हात द्यायचा राहिला होता. तिसरा म्हणाला, "मी आपला वेळ जावा म्हणून खेळतो."

"गेला की वेळ," तात्या म्हणाले. "निघा आता."

आता जोतिरामची पाळी होती. निघताना आईने बजावलं, "हे बघ जोत्या, पावण्याच्या घरी थोरामोठ्यांच्या आधी कशाला हात लावायचा न्हाय. आधी ते, मग तू."

"आधी ते, मग मी," जोतिराम म्हणाला. तो आनंदामामाला घेऊन गेला.

तात्यांनी रिमोट दिला. विचारलं, "कशापायी खेळणार?"

"तुमी बसा म्हणालात म्हणून."

तात्यांना असं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं. ते जरा विचारात पडले, पण तेवढ्यात शिट्टी झाली आणि शर्यत सुटली. पडद्यावर आठ रोबो होते. एक तात्यांचा, एक जोतिरामचा, बाकी सहा गेमचे. तात्यांचा रोबो सुसाट गेला. जोतिरामचा जागेवरच.

"आरं, सोड की!" मामा ओरडला.

"जाऊ द्या की त्यांना," जोतिराम म्हणाला. मग त्याने गेमच्या सहा रोबोंनाही जाऊ दिलं. तेही तात्यांच्याच घरचे, म्हणजे मानाचे. सगळे गेले, आता आपण निघावं म्हणून त्याने बोट उचललं, तोवर तात्या एक फेरी मारून परत आले. जोतिराम रोबो बाजूला घेऊन उभा राहिला. तात्यांनी पाच फेऱ्या मारल्या. पाचही वेळा जोतिरामने त्यांना वाट दिली आणि एकदा तर नमस्कार केला.

"पुढच्या गुरुवारी परत या," तात्या म्हणाले. त्यांना नाही म्हणता येईना, कारण आजवर त्यांना एवढा मान कुणीच दिला नव्हता.

वाटेत मामाने कपाळावर हात मारला. "येड्या, कुणी पुढं जायला लागलं की जाऊ द्यायचं नसतं! त्यानं डावीकडनं काढली, तू डावीकडं. उजवीकडनं काढली, तू उजवीकडं. आडवं जायचं!"

"आडवं जायचं," जोतिराम म्हणाला.

गुरुवारी आईने दुसरं सांगितलं. "गेल्या येळंस चुकलं ते चुकलं. आता निदान नीट वाग. पुढ्यात वाढतील ते समदं घ्यायचं. काय सोडायचं न्हाय, अन्नाचा अपमान होतो."

माळेवाडीला पोचले. जोतिराम दाराजवळ बसला. आतून शालन पोह्यांच्या बश्यांचा ट्रे घेऊन आली आणि त्याच्या डावीकडून पुढे निघाली. जोतिराम उठून डावीकडे आडवा झाला. शालन उजवीकडे वळली. जोतिराम उजवीकडे. शालन पुन्हा डावीकडे. असं चारदा झालं. पाचव्यांदा पोहे तात्यांच्या डोक्यावर होते.

"मामा, गेली न्हाय पुढं," जोतिराम म्हणाला.

मामाने भिंतीकडे तोंड केलं. शालन मात्र पदर तोंडात कोंबून आत पळाली. ती रडत नव्हती, हसत होती. जोतिरामला ते बघून फार बरं वाटलं.

तात्यांनी केसांतले शेंगदाणे काढले आणि खेळायला बसले. या वेळी जोतिरामला आपला रोबो स्वतः जुळवायचा होता. पडद्यावर ओळीने सगळे सुटे भाग मांडलेले होते. जोतिरामने चाकं घेतली. पायही घेतले. हात आठ होते, आठही घेतले. चार भोंगे, दोन पंखे, एक छत्री, एक नांगर, एक पाण्याची टाकी. काही सोडलं नाही. शर्यत सुटली आणि जोतिरामचा रोबो होता तिथेच गुडघ्यापर्यंत खचला.

शालन दारातून बघत होती. तिला राहवलं नाही. "अहो, येवढं वझं कशाला? जे काम करत न्हाय ते काढून टाकायचं. मग पळतंय बघा!"

ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली होती. जोतिरामने ते वाक्य घरी येईपर्यंत घोकलं. जेवताना घोकलं. झोपेतही तो तेच बडबडत होता.

तात्या म्हणाले होते, "आता शेवटची खेप. आयतवारी शर्यत पुरी झाली तर झाली. न्हायतर दुसरं स्थळ बघा."

रविवारी आईने काहीच सांगितलं नाही. ती शहाणी झाली होती. जोतिराम आणि मामा मोटरसायकलवर निघाले. ओढ्याच्या मध्यावर गाडी धापा टाकू लागली. जोतिरामने विचार केला. गाडी जड झाली होती. आता काम न करणारं काय आहे ते शोधायला हवं. चाक फिरत होतं. इंजिन धडधडत होतं. तो स्वतः हँडल धरून होता.

"मामा, तुमी काय करताय?"

"बसलोय की."

"दुसरं काय काम?"

"मागं बसणाऱ्याला दुसरं काय काम आसणार?"

"मग उतरा," जोतिराम म्हणाला.

मामाला वाटलं, ढकलायला उतरायचं आहे. तो उतरला. गाडी एकदम हलकी झाली आणि भुर्रकन निघून गेली. शालनचं म्हणणं अगदी बरोबर निघालं होतं.

"मामा कुठायत?" तात्यांनी विचारलं.

"काढून टाकला."

अर्ध्या तासाने मामा आला. त्याच्या धोतरातून पाणी गळत होतं आणि एका पायात चप्पल नव्हती. त्याने जोतिरामचा कान धरला. "नालायका! माणूस म्हणजे वझं व्हय रं? कुणी मागं राह्यलं, कुणी पडलं, तर थांबायचं. माघारी यायचं. हात द्यायचा, अन् पार मुक्कामाला पोचवायचं! कळलं?"

"कळलं," जोतिराम म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मामाचा पाय त्याने आपल्या रुमालाने पुसला.

मग शर्यत सुरू झाली. आज त्याचा रोबो शालनने स्वतः जुळवून दिला होता. चार चाकं, दोन हात, बस्स. रोबो असा पळाला की जोतिरामलाच धक्का बसला. पहिली फेरी तो पुढे. दुसरी फेरीही तो पुढे. मामाने देवाचं नाव घेतलं. शालन दाराची चौकट घट्ट धरून उभी होती. शेवटच्या फेरीत नुसतं एक वळण उरलं, समोर पांढरी रेघ दिसू लागली, आणि मागे तात्यांचा रोबो खड्ड्यात पडला.

जोतिराम थांबला.

"पळ!" मामा ओरडला.

"तात्या पडलं की," जोतिराम म्हणाला. त्याने रोबो वळवला. समोरून गेमचे सहा रोबो येत होते. त्यातला एक त्याला धडकून पालथा झाला, दुसरा कुंपणात घुसला, बाकीचे एकमेकांवर चढले. जोतिरामचं तिकडे लक्ष नव्हतं. तो खड्ड्यापाशी गेला, दोन्ही हातांनी तात्यांचा रोबो बाहेर काढला आणि ढकलत ढकलत पार रेघेपलीकडे नेऊन ठेवला. मग स्वतः रेघ ओलांडली. तात्या पहिले, जोतिराम दुसरा.

तात्यांनी रिमोट मांडीवर ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तीस वर्षं टँकर चालवला," ते म्हणाले. "एकदा घाटात टायर फुटला. दिवसभर हात करत हुभा होतो. येक गाडी थांबली न्हाय. आज जिंकायचं सोडून ह्यो पोरगा थांबला. का रं थांबलास?"

"मामा म्हणालं म्हणून."

तात्यांना तो त्याचा विनय वाटला. शालनला खरं काय ते कळलं. ती म्हणाली, "तात्या, मला पसंत हाय. सांगितलेलं ऐकतोय. असला नवरा शोधून मिळायचा न्हाय."

लग्न ठरलं. जोतिरामला इतका आनंद झाला की त्याला काय करावं कळेना, आणि कुणी सांगितलंही नाही, म्हणून तो नुसता उभा राहिला.

लग्नापर्यंत तो रोज माळेवाडीला जाऊन तात्यांबरोबर खेळू लागला. आणि रोज थांबू लागला. कुणीही पडलं की जोतिराम माघारी. शेवटी तात्या वैतागले.

"जावईबापू, चांगुलपणा झाला आता. येकदा सुटलं की सुटलं! थांबायचं न्हाय, मागं बघायचं न्हाय. मधी कोण काय बोललं तर कान द्यायचा न्हाय. फेरे पुरे करायचे आणि गप रेघ गाठायची."

"रेघ कुठं आसती?"

"जिथं माणसं आपली वाट बघत हुभी आसतात, तिथं."

जोतिरामने मान डोलावली.

लग्न माळेवाडीत, तात्यांच्या दारातल्या मांडवात होतं. अक्षता पडल्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. या दिवसाची तिने आशाच सोडली होती. सुनेच्या गृहप्रवेशाची तयारी करायला ती घाईने पुढे घरी निघाली. जाताना जोतिरामच्या कानात म्हणाली, "उंबऱ्यावर माप ठेवून, ओवाळायचं ताट घिऊन, वाट बघत हुभी राहते."

इकडे भटजींनी होम पेटवला. शालनचा पदर आणि जोतिरामचं उपरणं यांची गाठ मारली. "आता अग्नीभोवती सात फेरे," ते म्हणाले.

जोतिरामने धोतर वर खोचलं आणि सुटला.

उपरणं खांद्यावरून निसटून शालनच्या मागे लोंबत राहिलं. शालनचं पहिलं पाऊल पडायच्या आत जोतिरामचा एक फेरा झाला होता. भटजी म्हणाले, "अहो, सावकाश!" जोतिरामने कान दिला नाही. शालन म्हणाली, "आवो, थांबा की!" तो थांबला नाही. मामा आडवा आला, त्याला वळसा घातला. कुणीकडे जावं ते धुरालाही कळेना. तात्या पुढच्या रांगेत होते. आधी त्यांनी डोक्याला हात लावला. मग चौथ्या फेऱ्याला त्यांना राहवेना, ते खुर्चीवर चढले आणि ओरडले, "पाचवा! वळणावर आत घे, आत घे!"

सातवा फेरा झाला. भटजींचा पहिला मंत्र अजून चालू होता. जोतिराम मांडवातून सरळ बाहेर पडला. लोकांना वाटलं, नवरदेवाला घाईची लागली असेल. तो ओढ्यात उतरला, पलीकडे चढला, वाटेत कुणीतरी "कुठं निघालास रं?" म्हणून हाक मारली, त्याने मागे पाहिलं नाही.

कवठेवाडीत आई दारात उभी होती. हातात ओवाळायचं ताट होतं, उंबऱ्यावर तांदळाने भरलेलं माप होतं. ते माप नव्या सुनेने पायाने लवंडून आत यायचं असतं. जोतिरामने लांबूनच आईला पाहिलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. धाडकन पाय लागला. तांदूळ घरभर उधळले, माप चुलीपर्यंत घरंगळत गेलं आणि जोतिराम माजघरात जाऊन पडला.

"आई," तो धापा टाकत म्हणाला, "पयला आलो!"

आईने बाहेर डोकावून पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिने ताट उंबऱ्यावर ठेवलं.

"आरं मुडद्या, आन् सून कुठाय?"

आता रेघ ओलांडून झाली होती. आता मागे बघायला हरकत नव्हती. जोतिरामने उंबऱ्यातून मान बाहेर काढली, माळेवाडीच्या दिशेने नीट पाहिलं आणि म्हणाला,

"ती अजून पयल्याच फेऱ्यात आसंल."