ताट दाखवायचा ग्रुप

“...पण आता मला त्यांची गरजच काय, आक्का?”

गिरणा नदीकाठच्या त्या लहानशा मठीत आक्का चुलीपुढं भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

“कोणाची ग?”

“त्या फोनवरच्या ग्रुपची. वजन उतरवायला जमलेल्या बायका. जेवायच्या आधी आपल्या ताटाचा फोटो टाकायचा, बाकीच्यांनी तो बघायचा. वर्षभर टाकला मी. आता माझं वजन उतरलं, कपडे दोनदा आत घेऊन झाले. आणि त्या अजून तिथंच! उपासाला साबुदाणा चालतो का, हेच विचारतायत.”

“चालतो का?”

“आक्का!”

आक्का गालात हसल्या.

कालिंदी कॉलेजात शिकवायची. एक गोष्ट झाली की लगेच दुसरी, असा तिचा स्वभाव. “आज ग्रुप सोडणार आहे,” ती म्हणाली. “म्हटलं, तुम्हाला विचारून सोडावा.”

“मला काय विचारतेस? त्या जालन्याच्या नलूला विचार. तूच सांगायचीस ना तिचं...”

कालिंदीनं हातातला फोन खाली ठेवला.

नलूताईंना तिनं अजून पाहिलेलंही नव्हतं. पहिल्याच महिन्यातली गोष्ट. स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, “मॅडमसाठी दोन खुर्च्या लावा रे.” सगळे हसले. तीही हसली. संध्याकाळी मात्र पाय घराकडं न जाता बेकरीकडं गेले. तिनं ग्रुपवर लिहिलं, ‘बेकरीसमोर उभी आहे.’

नलूताईंचं उत्तर आलं, ‘मीही चपला घालून माझ्या दारात उभी राहिलेय. तू घरी पोचलीस की कळव, मग मी आत जाईन.’

“खरंच उभ्या होत्या, आक्का.” कालिंदी म्हणाली. “मागून त्यांच्या लेकीनं सांगितलं, आई बाहेर का उभी म्हणून शेजारीपाजारी विचारत होते. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण ते तेव्हाचं. आता...”

फोन वाजला. तिनं वाचलं आणि कपाळाला आठी घातली.

“बघा. ही नवी आलीय. ‘लग्नाच्या पंगतीत बसलेय. सगळ्यांसमोर सासूबाई माझ्या खाण्यावरून बोलल्या. रडू येतंय. जिलब्यांचं ताट घेऊन वाढपी जवळ आलाय. कोणी आहे का?’ रोज कोणाचं तरी असंच!”

आक्कांनी तवा उतरवला. भाजी-भाकरीचं ताट वाढलं, देवापुढं ठेवलं, पडदा ओढला आणि डोळे मिटून बसल्या.

“किती वेळ, आक्का?”

“त्याचं बघून होईपर्यंत.”

“तो कुठं खातो?”

“नाही खात.”

“मग दाखवता कशाला?”

“तो बघतो म्हणून माझं दोन भाकरीत भागतं, बाई. नाहीतर चार खाल्ल्या असत्या.”

कालिंदीला हसू फुटलं... आणि मध्येच अडलं.

फोन पुन्हा वाजला.

‘कोणी आहे का?’

खाली उत्तर नव्हतं. दुपारची वेळ, बायका आपापल्या कामात असणार. ग्रुप सोडायचं बटण तिच्या अंगठ्याखालीच होतं.

...

मग ती लिहू लागली. ‘मी आहे. तुझ्या शेजारच्या पानावर बसलेय असं समज. वाढपी पुढं गेला की सांग.’

“चल, हात धू,” आक्का म्हणाल्या. “जेवायला बस.”

“थांबते, आक्का. ती उठू दे पंगतीतून.”

आक्कांनी तिच्याकडं पाहिलं. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, पडदा सारला, देवापुढचं ताट उचललं आणि झाकून ठेवलं.

“एवढ्यात? त्याचं बघून झालं?”

“तो इथं कुठाय? तो जिलबीच्या पंगतीत बसलाय.”