चौकस साळुंकी आणि टिटवीची अंडी

पशुपक्षी आपली कामं आपापसात वाटून घेत, तेव्हाची ही गोष्ट. एका ओढ्याला बांध होता. बांधाच्या मोरीचं झाकण खेकडेदादा सांभाळत आणि मोरीतून पडणाऱ्या पाण्यावर पाणचक्की फिरे. बांधामागचं तळं काठोकाठ भरलं, की चक्की खूश.

शेजारच्या जांभळीवर साळुंकी राहायची. डोंगराकडून येणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. "नसत्या चौकशा!" चक्की कुरकुरायची.

श्रावण सरत आला होता. लख्ख ऊन पडलं होतं, आणि बगळा चिखलाने भरलेले पाय घेऊन आला.

"काय रे, हे काय?" साळुंकीने अडवलंच.

"वर धो धो पडतोय गं!"

मागून आलेल्या खंड्यानेही तेच सांगितलं. साळुंकी तडक खेकडेदादांकडे गेली. "दादा, आत्ताच थोडं पाणी सोडा. लोंढा आल्यावर एकदम सोडलंत, तर खालच्या वाळूतली टिटवीची अंडी वाहून जातील."

"आणि लोंढा आलाच नाही तर?" चक्की कडाडली. "उन्हाळाभर मी काय वारा दळू?"

"म्हणून तर अर्धंच झाकण उघडा म्हणते, बाई."

खेकडेदादांनी निळ्या आभाळाकडे पाहिलं, अंड्यांवर बसलेल्या टिटवीकडे पाहिलं आणि झाकण अर्धं सरकवलं. चक्की फुरंगटून का होईना, दिवसभर फिरली.

संध्याकाळी लोंढा आला. बराचसा तळ्यात मावला. उरलेलं पाणी बांधावरून वाहिलं आणि टिटवीच्या घरट्याशी येऊन थांबलं. ती अंड्यांवरून हललीसुद्धा नाही.

"पिल्लं कधी बाहेर येणार गं?" साळुंकीने लगेच विचारलं.

"मीही तेच विचारणार होते," चक्की हळूच म्हणाली.